शिशाच्या टॅक्सीची गोष्ट

इलेक्ट्रिक गाड्या बनवणाऱ्या कंपन्यांचे शेअर घ्यावेत का, हा विषय चार आयटीवाले एकत्र जेवायला बसले की हमखास निघतो. आणि निघाला की साधारण चार वाक्यं ऐकू येतात. पहिलं: पेट्रोलचे दिवस भरले, प्रश्न फक्त कधी एवढाच आहे. दुसरं: अमुक कंपनी सगळ्यांच्या आधी उतरली आहे, बाकीचे पाच वर्षं मागे आहेत. तिसरं: तिच्याकडे पैसा इतका आहे की स्पर्धक टिकणारच नाहीत. आणि चौथं, जरा पुढे झुकून: शिवाय पेटंट आहेत ना राव!

यातलं एकही वाक्य मूर्खपणाचं नाही. पण हीच चार वाक्यं १८९९ साली न्यूयॉर्कमधल्या एखाद्या शेअरबाजारवाल्याला ऐकवली असती (पेट्रोलच्या जागी 'घोडा' घालून), तर त्यानेही मान डोलावली असती. त्याच्यासमोर एक कंपनी होती जिला ही चारही वाक्यं लागू पडत होती. नाव 'इलेक्ट्रिक व्हेइकल कंपनी'. डिसेंबर १९०७ मध्ये तिचं दिवाळं वाजलं. वीकेंड आहे, निवांत वेळ आहे, तर आज तिची गोष्ट.

आधी त्या वेळचं चित्र डोळ्यासमोर आणू. आपल्या डोक्यात असं असतं की आधी पेट्रोलची गाडी होती आणि इलेक्ट्रिक गाडी ही अलीकडची भानगड. प्रत्यक्षात १९०० सालच्या अमेरिकेतल्या मोटार उत्पादनाचे जे आकडे मिळतात ते असे: एकूण ४,१९२ गाड्या. त्यात वाफेवरच्या १,६८१, विजेवरच्या १,५७५ आणि पेट्रोलच्या फक्त ९३६. म्हणजे पेट्रोलचा नंबर तिसरा! शंभर किलोमीटर वेगाची मर्यादा पहिल्यांदा ओलांडली तीही विजेच्या गाडीने, २९ एप्रिल १८९९ रोजी, फ्रान्समध्ये. चालक होता कामिल जेनात्झी नावाचा बेल्जियन. पेट्रोलची गाडी त्या वेळी आवाज करायची, वास मारायची, हँडल मारून सुरू करावी लागायची आणि ते हँडल उलटं फिरलं तर हात मोडायचा. विजेची गाडी मुकाट्याने निघायची.

तर १८९४ मध्ये फिलाडेल्फियात हेन्री मॉरिस नावाचा इंजिनिअर आणि पेद्रो सालोम नावाचा रसायनतज्ज्ञ यांनी मिळून 'इलेक्ट्रोबॅट' नावाची गाडी बनवली. या जोडीला एक गोष्ट फार लवकर कळली, आणि माझ्या मते या सगळ्या कथेतली तीच सगळ्यात हुशार गोष्ट आहे. त्यांना कळलं की शिसं आणि आम्लाची ती बॅटरी सामान्य गिऱ्हाइकाच्या हातात देण्यासारखी वस्तू नाही. ती नीट चार्ज करावी लागते, पार रिकामी होऊ देऊन चालत नाही, आतल्या प्लेटांवर नजर ठेवावी लागते. मग गाडी विकायचीच कशाला? फिरणं विका! गाड्या कंपनीच्या, बॅटऱ्या कंपनीच्या, देखभाल कंपनीच्या ठाण्यावर, आणि गिऱ्हाईक फक्त भाडं देणार. आजच्या भाषेत 'मोबिलिटी अ‍ॅज अ सर्व्हिस'. साल १८९७. :)

१८९७ च्या वसंतात न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर त्यांच्या डझनभर विजेच्या टॅक्सी आल्या. दिसायला त्या हॅन्सम नावाच्या घोडागाडीसारख्याच, हाकणारा मागे उंचावर बसलेला, फक्त घोडा गायब. बॅटरीचं वजन पाचशे किलोच्या वर. गाडी ठाण्यावर आली की उतरलेली बॅटरी एका तबकासकट बाहेर ओढायची, भरलेली आत ढकलायची आणि गाडी काही मिनिटांत पुन्हा रस्त्यावर. ब्रॉडवेवर त्यांनी पुढे जे मोठं ठाणं उभारलं त्यात यासाठी क्रेन आणि हायड्रॉलिक यंत्रं होती. आज आपण ज्याला बॅटरी स्वॅपिंग म्हणतो आणि नवीन कल्पना समजतो, ते हेच.

इथे गोष्टीत पहिला पैसेवाला येतो. आयझॅक राइस. हा वकील, 'इलेक्ट्रिक स्टोरेज बॅटरी कंपनी'चा प्रमुख (पुढे 'एक्साइड' नावाने प्रसिद्ध झालेल्या बॅटऱ्या याच कंपनीच्या) आणि बुद्धिबळाचा मोठा आश्रयदाता. बुद्धिबळात त्याच्या नावाची एक सुरुवातही आहे, 'राइस गँबिट'. तिच्यात पांढरा चक्क आपल्या घोड्याचा बळी देतो. घोडागाड्या हटवायला निघालेल्या माणसाला यापेक्षा शोभणारी चाल सापडली नसती! सप्टेंबर १८९७ मध्ये राइसने मॉरिस-सालोमचा धंदा विकत घेऊन इलेक्ट्रिक व्हेइकल कंपनी काढली. आता यातला हिशेब बघा. टॅक्सी कंपनीवर बॅटरी कंपनीचा ताबा, आणि टॅक्सी कंपनीचं सगळ्यात मोठं खरेदीखातं म्हणजे बॅटऱ्या. म्हणजे टॅक्सी धावो न धावो, जितक्या जास्त टॅक्सी बनतील तितका बॅटरी कंपनीचा खप वाढणार. बॅलन्सशीट वाचणाऱ्या मंडळींचे कान इथे टवकारायला हवेत.

तरीही पहिली दोन वर्षं काम बरं चाललं होतं. एक शहर, एक ठाणं, हळूहळू वाढत जाणाऱ्या गाड्या आणि रोज काहीतरी शिकणारे मेकॅनिक. त्या टॅक्सींच्या नावावर दोन विक्रमही जमा झाले, फारसे मिरवण्यासारखे नाहीत. २० मे १८९९ रोजी याच कंपनीचा जेकब जर्मन नावाचा चालक ताशी बारा मैलांच्या बेफाम वेगाबद्दल पकडला गेला. अमेरिकेतली वेगाबद्दलची ती पहिली अटक मानतात. आणि १३ सप्टेंबर १८९९ रोजी हेन्री ब्लिस हे गृहस्थ ट्राममधून उतरत असताना एका इलेक्ट्रिक टॅक्सीने त्यांना धडक दिली. दुसऱ्या दिवशी ते वारले. मोटारीखाली सापडून मेलेले अमेरिकेतले पहिले नोंदलेले गेलेले गृहस्थ हेच.

आणि त्याच १८९९ साली मोठा पैसा आला.

विल्यम व्हिटनी हे नाव तेव्हा न्यूयॉर्कमध्ये सगळ्यांना माहीत होतं. माजी नौदल मंत्री, आणि पुढे ट्राम कंपन्यांच्या एकत्रीकरणातून अफाट पैसा केलेला माणूस. सोबत विडेनर, रायन, ब्रेडी अशी त्याच गोटातली मंडळी. यांचा तर्क ऐका, कारण तो आजही ऐकू येतो. दहा वर्षांत ट्रामचे घोडे गेले आणि वीज आली, त्यात आपण पैसा केला. आता घोडे उरलेत ते भाड्याच्या गाड्यांना. तिथेही वीजच येणार. वीजकेंद्रं रात्री रिकामी असतात, तेव्हा बॅटऱ्या चार्ज करू. ज्याच्याकडे भांडवल जास्त तो सगळी शहरं आधी व्यापणार, मागून येणाऱ्याला जागाच राहणार नाही.

त्यांनी हार्टफर्डच्या कर्नल आल्बर्ट पोपशी हातमिळवणी केली. पोप म्हणजे 'कोलंबिया' सायकलींचा राजा. त्याच्या कारखान्यात विजेच्या गाड्या बनतच होत्या. (तिथला इंजिनिअर हायरम पर्सी मॅक्सिम पेट्रोलच्या इंजिनवर प्रयोग करत होता. पण लोक स्फोटावर बसून प्रवास करतील यावर कर्नलसाहेबांचा विश्वास नव्हता, अशी आठवण त्याने पुढे लिहून ठेवली.) मग गाड्यांची भाषा शेकड्यांवरून हजारांवर गेली. न्यूयॉर्क, बॉस्टन, शिकागो, फिलाडेल्फिया, वॉशिंग्टन, प्रत्येक ठिकाणी वेगळी कंपनी, वेगळे शेअर. 'हॉर्सलेस एज' नावाचं मोटारींचं मासिक या सगळ्यावर तुटून पडलं. या साम्राज्याला नाव पडलं 'लेड कॅब ट्रस्ट', म्हणजे शिशाच्या टॅक्सींची मक्तेदारी.

आता आपल्या धंद्यातल्या लोकांना पुढचं सांगायला नको. पायलट एका ठिकाणी, ओळखीच्या टीमबरोबर, नीट चालला. म्हणून एकदम पाच शहरांत रोलआउट. :) न्यूयॉर्कच्या मेकॅनिकना जे दोन वर्षांत हाताला कळलं होतं ते शिकागो आणि बॉस्टनच्या नव्या माणसांना कोण शिकवणार? बॅटऱ्या वेळेआधी रिकाम्या होऊ लागल्या, खडबडीत रस्त्यांवर प्लेटांवरचा माल झडू लागला, त्या वजनाखाली टायर फाटू लागले. बॅटरी ही वरून सारखीच दिसते, पण कुठली किती थकली आहे ते ठाण्यावरच्या माणसाला माहीत असावं लागतं. ते माहीत नसेल तर भर रस्त्यात टॅक्सी बंद पडते आणि आतलं गिऱ्हाईक पुन्हा घोडागाडी बोलावतं. १९०१ च्या आसपास शिकागो आणि बॉस्टनच्या कंपन्यांचा गाशा गुंडाळला गेला. न्यूयॉर्कचं काम मात्र, जे हळूहळू वाढलं होतं, ते पुढे कित्येक वर्षं चालू राहिलं.

आता प्रश्न असा की या कंपनीला नक्की कुठल्या स्पर्धकाने हरवलं?

शाळकरी उत्तर सगळ्यांना माहीत असतं. फोर्डने स्वस्त गाडी आणली, केटरिंगने सेल्फ स्टार्टर आणला, टेक्सासमध्ये तेल सापडलं, इलेक्ट्रिक गाडी संपली. पण जरा तारखा लावून बघा. फोर्डचं मॉडेल टी आलं ऑक्टोबर १९०८ मध्ये. सेल्फ स्टार्टर कॅडिलॅकमध्ये आला १९१२ च्या मॉडेलपासून. असेंब्ली लाइन त्याच्याही नंतर. आमची कंपनी बुडाली १९०७ मध्ये आणि तिचा विस्तार तर १९०१ मध्येच फसला होता. ज्या स्पर्धकाने तिला मारलं असं आपण म्हणतो, तो तेव्हा जन्मलाही नव्हता!

उलट दुसऱ्या विजेच्या गाड्या पुढेही विकल्या जात होत्या. डिट्रॉइट इलेक्ट्रिक या गाडीचं उत्पादन सुरूच झालं १९०७ मध्ये, आणि ते फार थोड्या संख्येने का होईना पण १९३९ पर्यंत टिकलं. खुद्द हेन्री फोर्डची बायको क्लारा डिट्रॉइट इलेक्ट्रिक चालवायची. म्हणजे तंत्रज्ञान आणि कंपनी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि एकीचं भविष्य दुसरीला लागू होतंच असं नाही.

स्पर्धा होती, पण ती कुठून येतेय ते व्हिटनीच्या मंडळींना दिसलं नाही. त्यांची नजर घोड्यावर होती. त्यांच्या डोक्यात शहरातला प्रवास म्हणजे भाड्याने विकायची वस्तू. दरम्यान १९०१ पासून ओल्ड्सने साडेसहाशे डॉलरला एक छोटी पेट्रोल गाडी सरळ लोकांना विकायला काढली. लोकांना टॅक्सी नको होती असं नाही, पण त्याहून जास्त त्यांना स्वतःची गाडी हवी होती. आणि टॅक्सीच्या धंद्यातही खरा धक्का इंजिनने दिला असं मला वाटत नाही. ऑक्टोबर १९०७ मध्ये हॅरी अ‍ॅलन नावाच्या तरुणाने फ्रान्सहून आणलेल्या ६५ पेट्रोल टॅक्सी न्यूयॉर्कच्या रस्त्यावर उतरवल्या. त्यांचं मोठं आकर्षण होतं मीटर! किती भाडं होणार यावर हुज्जत नाही. रिक्षावाल्याशी कधी वाद घातलेल्या कुठल्याही माणसाला याचं महत्त्व कळेल.

आता चौथं वाक्य राहिलं, पेटंटचं. इथे गोष्ट खरोखर मजेशीर होते.

रोचेस्टरमध्ये जॉर्ज सेल्डन नावाचा पेटंट वकील होता. त्याने १८७९ मध्ये पेट्रोल गाडीच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि त्यात वारंवार दुरुस्त्या करत तो सोळा वर्षं लोंबकळत ठेवला. हेतू हा की मोटारींचा धंदा खरोखर उभा राहीपर्यंत पेटंटची मुदत सुरूच होऊ नये. पेटंट मिळालं ५ नोव्हेंबर १८९५ ला. तोवर सेल्डनने एकही गाडी बनवली नव्हती. नोव्हेंबर १८९९ मध्ये हे पेटंट विकत घेतलं कोणी? इलेक्ट्रिक व्हेइकल कंपनीने!

मग खटले. १९०३ मध्ये पेट्रोल गाड्या बनवणाऱ्या मोठ्या कंपन्यांनी लढण्याऐवजी समेट केला आणि परवानाधारकांची संघटना काढली. प्रत्येक गाडीच्या किमतीवर सव्वा टक्का रॉयल्टी. त्यातले दोन पंचमांश इलेक्ट्रिक व्हेइकल कंपनीला, दोन पंचमांश संघटनेला आणि एक पंचमांश सेल्डनला. म्हणजे विजेच्या गाड्यांनी जग बदलायला निघालेली कंपनी आता जिवंत होती ती पेट्रोल गाड्यांच्या खपावर. जितकी पेट्रोलची भरभराट, तितकी हिची कमाई. असा 'स्पर्धक' कोणाला नको असेल? तरीही ती वाचली नाही. ऑक्टोबर १९०७ मध्ये अमेरिकेत बँकांची पळापळ झाली, पैसा आटला आणि डिसेंबरात कंपनी कोर्टाने नेमलेल्या रिसीव्हरच्या हाती गेली.

हेन्री फोर्ड मात्र रॉयल्टी द्यायला तयार नव्हता. त्याच्यावरचा खटला १९०३ पासून चालला. १९०९ मध्ये तो हरला, अपिलात गेला आणि ९ जानेवारी १९११ ला जिंकला. कोर्ट म्हणालं, पेटंट खरं आहे, पण ते ब्रेटन पद्धतीच्या इंजिनवर. फोर्ड आणि बाकी सगळे वापरतात ते ऑटोचं इंजिन. म्हणजे पेटंट वैध आणि तरी निरुपयोगी. 'आमच्याकडे इतकी पेटंट आहेत' असं एखादी कंपनी म्हणते तेव्हा मला हा निकाल आठवतो.

एकशेवीस-पंचवीस वर्षांपूर्वीच्या या कथेचं आज काय करायचं?

'बेटर प्लेस' ही कंपनी आठवते का? २००७ मध्ये सुरू झाली, बॅटरी स्वॅपिंगची ठाणी, मुख्य मैदान इस्राएल, गुंतवणूकदारांचे ८० कोटी डॉलरच्या वर पैसे. मे २०१३ मध्ये दिवाळखोरी. आणि आपल्याकडे? जेनसोल या कंपनीने इलेक्ट्रिक गाड्या घ्यायला सरकारी वित्तसंस्थांकडून कर्ज काढलं. गाड्या ब्लूस्मार्ट या टॅक्सीसेवेत जायच्या होत्या. एप्रिल २०२५ मधल्या सेबीच्या अंतरिम आदेशानुसार कर्ज ६,४०० गाड्यांसाठी होतं आणि घेतल्या गेल्या ४,७०४; पैसे दुसरीकडे वळवल्याचं सेबीने त्यात म्हटलं. त्याच सुमारास ब्लूस्मार्टने बुकिंग थांबवलं आणि हजारो चालकांचा रोजगार रातोरात गेला. तोवर त्या गाड्या रोज धावत होत्या आणि बॅटऱ्या शिशाच्या काळापेक्षा कितीतरी चांगल्या होत्या. म्हणजे गडबड बॅटरीत नव्हती.

याच्या उलट उदाहरणही आहे. बीवायडी ही मुळात १९९५ मध्ये सुरू झालेली बॅटरी कंपनी, अगदी राइससारखीच बॅटरीकडून गाडीकडे आलेली. २०११ मध्ये एका मुलाखतीत तिचं नाव निघालं तेव्हा इलॉन मस्क हसला होता. २०२३ च्या शेवटच्या तिमाहीत निव्वळ इलेक्ट्रिक गाड्यांच्या विक्रीत तिने टेस्लाला मागे टाकलं. राइसला बॅटरी खपवायला टॅक्सी हवी होती. बीवायडी वर्षानुवर्षं बॅटरी स्वस्त करत बसली. दोघांचीही सुरुवात एकच, पण एकाने भागभांडवल वाढवलं आणि दुसऱ्याने खर्च कमी केला.

म्हणून मला वाटतं, 'कोण जिंकणार, वीज की पेट्रोल, ही कंपनी की ती' हा प्रश्नच गुंतवणूकदाराला चकवतो. शर्यत म्हटली की वेग दिसतो, हिशेब दिसत नाही. विचारायला हवं ते कंटाळवाणं असतं: एक गाडी दिवसाला किती कमावते, संध्याकाळी ठाण्यावर आल्यावर तिच्यावर किती खर्च होतो, आणि कंपनीला पैसा गिऱ्हाईक देतंय की पुढचा गुंतवणूकदार? व्हिटनीच्या कंपनीचं नुकसान तिच्या शेअरवाल्यांपुरतं राहिलं असतं तर एक वेळ ठीक होतं. पण 'विजेची टॅक्सी म्हणजे फसवणूक' हा शिक्का एका चांगल्या कल्पनेवर बसला आणि मॉरिस-सालोमचं दोन वर्षांचं शहाणपण त्याखाली दबलं.

कल्पना चांगली होती याचा पुरावाही आहे. त्याच हार्टफर्ड गावात, जिथे पोपचा कारखाना होता, तिथल्या वीज कंपनीने पुढे इलेक्ट्रिक ट्रकसाठी बॅटरी बदलून देण्याची सेवा सुरू केली. ट्रक बॅटरीशिवाय विकत घ्यायचा, बॅटरी वीज कंपनीची, महिन्याचं ठरावीक शुल्क आणि वर मैलामागे आकार. एकच गाव, ठरलेले रस्ते, बॅटरी ओळखणारी माणसं. ना ट्रस्ट, ना पाच शहरांचे शेअर. ती सेवा १९२४ पर्यंत चालली आणि तिच्यावरच्या ट्रकनी साठ लाख मैलांच्या वर अंतर कापलं. गुंतवणूकदारांच्या गप्पांमध्ये तिचं नाव फारसं कुठे येत नाही.